परंतु सर आणि मुद्दा मॅडम

दोघांची पहिली भेट झाली ती फळ्यावरून. शाळेच्या कचेरीत कुणाचं तरी डोकं ठिकाणावर नसणार, म्हणून एकाच तासाला एकाच वर्गावर दोन शिक्षक धाडले होते. ती ओली छत्री दाराशी टेकवून आत आली, तर एक उंच, नवा माणूस तिच्या फळ्यावर तिचाच विषय लिहून मोकळा झालेला : वैचारिक निबंधाची सुरुवात.

"अहो, हा तास माझा आहे."

"असेल. परंतु वेळापत्रकात माझंही नाव आहे," तो म्हणाला, आणि असा काही हसला की तिचा अर्धा राग तिथेच विरघळला. उरलेला अर्धा तिने हट्टाने जपून ठेवला.

वर्गाची मात्र चंगळ झाली. फळ्याच्या मधोमध रेघ मारून दोघांनीही शिकवलं. ती म्हणाली, "शाळेत मोबाइल असावा की नसावा? तुम्ही कुठल्या बाजूचे, ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. मुद्दा काय, तो आधी!"

त्याने आपल्या अर्ध्या फळ्यावर लिहिलं : आधी समोरच्याची बाजू. "ज्याच्याशी वाद घालायचाय, त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडा. मग लिहा 'परंतु'. आणि मग आपलं मत. बघा कसं वजन येतं."

"आणि वाचणारा 'परंतु'च्या आधीच उठून गेला तर?"

"ज्याला खरंच ऐकायचंय, तो थांबतो, मॅडम."

मुलं खदखदून हसली. त्या दिवसापासून तो 'परंतु सर' आणि ती 'मुद्दा मॅडम'. मुलांचं तोंड कोण धरणार!

कचेरीने वेळापत्रक दुरुस्त केलं, पण त्याची पावलं काही दुरुस्त झाली नाहीत. तिचा तास चालू असला की हटकून दारात डोकावायचा. "खडू आहे का हो जास्तीचा?" त्याच्या शर्टाच्या खिशाला आतल्या खडूचा पांढरा डाग पडलेला असायचा. तिला तो दिसायचा. तरी ती मुकाट्याने खडू द्यायची, आणि बोटाला बोट लागलं की पुढचं वाक्यच विसरायची. पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

त्याच्याकडे छत्री कधीच नसायची. मग बसथांब्यापर्यंत तिची एकच छत्री, दोघांत. धरायचा तो, आणि भिजायचा खांदाही त्याचाच.

"माझ्याविषयी निबंध लिहायला सांगितला, तर काय लिहाल?" तिने एकदा विचारलंच.

"आधी दुसरी बाजू. तुम्ही भांडखोर आहात. खडूस आहात. चहात साखर घालायची अक्कल नाही..."

"बरं... पुढे?"

"परंतु —" तो तिच्याकडे बघत राहिला. इतकं जवळून, इतका वेळ... आणि मेली बस आली.

पुढे अहो-जाहोचं अरे-तुरे झालं ते केव्हा, दोघांनाही सांगता आलं नसतं. ते पुढचं वाक्य मात्र काही येईना. ती वाट बघत राहिली. किती बघावी माणसाने?

अशात मावशीने एक मुलगा सुचवला. दूरच्या शहरात, बंदरावर इंजिनिअर. शांत, सरळ, हसतमुख. नाव ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत! आई म्हणाली, "नाही म्हणायचं तर म्हण बाई, पण काही कारण तरी सांग." कारण होतं, पण त्या कारणाने अजून तोंड उघडलं नव्हतं. रविवारी उत्तर द्यायचं होतं.

शुक्रवारी शिक्षकांच्या खोलीत दोघंच होते. तिने सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, "काय सांगू मी त्यांना?"

त्याने लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "माणूस चांगला आहे म्हणतेस. नोकरी पक्की. आईचा जीव भांड्यात पडेल. तिथे शाळाही मोठ्या आहेत, तुझं चीज होईल. नाहीतर माझ्यासारखा कंत्राटी मास्तर... पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, त्याचाही पत्ता नाही."

मावशीलासुद्धा इतकं छान जमलं नसतं. पुढे 'परंतु' येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या वर्गातला त्याचा तास भिंतीपलीकडून रोज ऐकत होती ती. तरीही तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. आयुष्यात एकदा, फक्त माझ्यासाठी, आधी मुद्दा सांगता येऊ नये याला?

तिने पर्स उचलली. "कळलं, सर."

"अगं थांब, माझं अजून —"

ती थांबली नाही. थांबली ती जिन्याच्या वळणावर, कठडा धरून. मागून कुणीही आलं नाही. रविवारी तिने होकार दिला.

शाळेतल्या तिच्या शेवटच्या दिवशी तो फाटकापाशी भिजत उभा होता. तिने छत्री पुढे केली. त्याने नेहमीसारखी दांडी धरली.

"त्या दिवशी माझं वाक्य राहिलं. प्रेम आहे माझं तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून."

हेच ऐकायला ती जीव टाकत होती! "मग मागे का नाही आलास रे?"

"वाटलं, तू ठरवलंयस."

"ठरवलं नव्हतं." ती त्याच्याकडे वळली. "अजूनही सगळं मोडून टाकीन मी. बोल, काय करू?"

त्याने श्वास घेतला. "हे बघ... तू शब्द दिलायस. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आई किती आनंदात आहे. तिला काय वाटेल..."

या वेळी ती हलली नाही. पर्सचा पट्टा घट्ट धरून एकेक वाक्य ऐकत राहिली. तो बोलत गेला, खरं आणि नीट. बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला, आणि बंद झाला. छत्रीवर पाऊस वाजत होता. ती 'परंतु'ची वाट बघत होती.

तो खाली बघत होता.

"दुसऱ्याची बाजू इतकी छान मांडतोस ना," ती म्हणाली, "की तुलाच पटून जाते."

बस आली. छत्री तिचीच होती. ती तिने त्याच्या हातात राहू दिली आणि भिजत जाऊन बसमध्ये चढली.