बावन्न मिनिटांचा फोन

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. पण ज्याच्यावर ती गुदरली तो माझा चुलतभाऊ आहे, आणि थाप मारायची म्हटली तरी त्याचे कान लाल होतात.

मंगळवार होता. रात्र नाही, अमावस्या नाही. भर दुपारचे चार.

भाऊ चष्मे बनवतो. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, मागे काच घासायचं मशीन. त्याची आई, म्हणजे माझी काकू, तिथून बारा मिनिटांवर एकटी राहायची.

बारा मिनिटं! पण याचं जाणं काही व्हायचं नाही. त्याऐवजी रोज चारला फोन. एक दिवस खाडा नाही. मुलगा असावा तर असा, म्हणायचे सगळे.

फोन कसा करायचा, ते कुणाला ठाऊक होतं? स्पीकर चालू करून फोन मशीनशेजारी ठेवायचा आणि हा काच घासत बसायचा. काकू बोलायची. हा मधूनमधून "हं" म्हणायचा. फार तर "हं, मग?" म्हातारी खूश आणि कामही चालू.

त्या मंगळवारीही काकूनं फोन उचलला. बोलली. हा हं हं म्हणाला. फोन ठेवला.

साडेसहाला काकूच्या शेजारणीचा फोन.

"अरे, लवकर ये. आई दार उघडत नाहीत..."

तो धावत गेला. त्याच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं.

काकू बाथरूमच्या दाराशी पडली होती.

डॉक्टर आले. त्यांनी हात उचलून पाहिला. घड्याळ पाहिलं.

"दुपारी बाराच्या सुमारास गेल्यात. अंग पार ताठलंय."

"काहीतरीच काय, डॉक्टर! चारला मी बोललोय तिच्याशी!"

त्यानं फोन पुढे धरला. चार वाजता. बावन्न मिनिटं.

काकूचा फोन तर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता...

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मग हळूच विचारलं, "काय बोलल्या?"

भावानं तोंड उघडलं...

एक शब्द आठवेना.

त्या रात्री तो माझ्यापाशी ढसाढसा रडला. "ताई, मी ऐकतच नव्हतो गं! रोजच नव्हतो ऐकत!"

मी कोणत्या तोंडानं त्याला बोलणार? मी तर तीन महिन्यांत काकूला फोनसुद्धा केला नव्हता.

पंधरा दिवसांनी शाळेतल्या एक बाई चष्मा न्यायला आल्या. त्या मंगळवारी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून त्या दुकानातच बसल्या होत्या. चष्मा लावून इकडेतिकडे पाहत हसून म्हणाल्या, "मग, आल्या का आई राहायला?"

भावाच्या हातातली फ्रेम खाली पडली.

"म्हणजे?"

"अहो, स्पीकर चालू होता, कानावर पडलं. सारख्या म्हणत होत्या, फार गार लागतंय रे. अंधार आहे. इथं कुणीच नाही..."

"मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात."

"मग?"

"मग म्हणाल्या, तुला वेळ नसतो, तर मीच येऊ का तुझ्याकडे?"



"आणि... मी?"

"तुम्ही म्हणालात, हं, ये की."

त्या दिवसापासून चार वाजले की त्याचं मशीन बंद. तासभर हात मांडीवर ठेवून बसतो. "बोल आई," म्हणतो. काही ऐकू येत नाही. तेव्हा तिच्या पुढ्यात बसून ऐकायचं होतं, ते आता कान देऊन बसतोय, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात मात्र काम तुंबलं होतं. चार वाजून गेले तरी त्यानं मशीन चालूच ठेवलं. तेवढ्यात एक टॅक्सीवाले काका आले आणि दारातच उभे राहिले.

"बसा ना काका. खुर्ची आहे."

"राहू दे. आजी बसल्यात ना."

भावानं वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती...

त्यानं मशीन बंद केलं. दुकानात चिडीचूप. काकांना काहीच वावगं वाटत नव्हतं. उलट तेच त्याच्यावर वैतागले.

"अरे बाबा, मघापासून बोलतायत त्या तुझ्याशी! जरा लक्ष दे की म्हाताऱ्या माणसाकडे!"

भाऊ खुर्चीपुढे जमिनीवर बसला. कान देऊन ऐकलं. जीव कानात आणून ऐकलं.

काही नाही.

टॅक्सीवाले काका मात्र खुर्चीकडे पाहून मान डोलावत होते.

आई काय सांगतेय, हे त्यांना विचारायला हवं होतं. भावाच्या ते ओठावर आलं होतं. पण नाही विचारवलं त्याला. अजून नाही. परवा मला म्हणाला, "ताई, तू येऊन बसशील का गं चारला? तुला तरी ऐकू येतं का बघ."

मी अजून गेलेले नाही.