कोणीच न बोललेलं वाक्य

ती दार ढकलून आत आली तेव्हा बैठकीच्या खोलीत कोणी नव्हतं. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. पावसाने तिसरा आठवडा धरला होता आणि चार वाजताच खोलीत संध्याकाळ उतरली होती. लांब टेबलाच्या टोकाला, चाकांच्या स्टँडवर, एक मोठी काळी स्क्रीन उभी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटत होती…

‘कोणी आहे का?’

तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

‘मी इथे आहे,’ स्क्रीनने लिहिलं. मग जरा थांबून — ‘ऐकू येतंय का?’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अख्ख्या शाळेत हा प्रश्न नेमका तिलाच विचारावा! दोन वर्षांपूर्वीच्या एका तापाने तिचा डावा कान पुरता नेला होता, आणि उजव्यात उरली होती नुसती घरघर. तेव्हापासून ती माणसांच्या ओठांवर जगत होती. आणि इथे तर ओठच नव्हते.

ती पळणार एवढ्यात टेबल हललं. त्याच्याखालून एक डोकं वर आलं, कडेवर आपटलं, आणि स्क्रीनवर ठळक उमटलं —

‘आई गं!’

तिला इतकं हसू फुटलं की तिने दाराचा आधार घेतला. डोकं चोळत एक तरुण उभा राहिला. हातात तारांचं भेंडोळं, केसांत धूळ, गुडघ्यांवर दोन पांढरे गोल.

“नवीन यंत्र बसवायला आलोय,” तो म्हणाला. “टेबलावरच्या माइकमध्ये बोललं की तिथे अक्षरं येतात. मी आपला तपासत होतो… तुम्ही केव्हा आलात?”

“मी इतिहास शिकवते. मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे हे सगळं तुमच्यासाठी चाललंय होय?” त्याने भेंडोळं खाली ठेवलं आणि सरळ तिच्याकडे तोंड केलं. “आणि मी बसलोय टेबलाच्या पायांना विचारत.”

त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं — टेबलाखालचा.

गमतीचा भाग सोडला तर गोष्ट तिच्या गळ्याशी आलेली होती. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, माणूस म्हणून वाईट नव्हत्या. पण वर्गात मूल प्रश्न विचारतं आणि बाईंना तो कळत नाही, अशा तक्रारी त्यांच्या टेबलावर साचल्या होत्या. शेवटी त्यांनी दोन महिन्यांची मुदत घातली. यंत्र बैठकीच्या खोलीत नीट चाललं, तर दुसरं वर्गात बसेल आणि तिचं शिकवणं सुरू राहील. नाहीतर तिची रवानगी ग्रंथालयात. पुस्तकांना नंबर टाकायला.

“पुस्तकं वाईट नसतात,” घरी ताई समजूत घालायची. तीही कानाशी ओरडून, जणू आवाज वाढवला की बंद दार उघडतं.

“पुस्तकं प्रश्न विचारत नाहीत, ताई,” ती म्हणायची.

यंत्राने आल्या आल्या शिक्षकांची दाणादाण उडवली. सगळे एकदम बोलले की स्क्रीनवर नुसती खिचडी व्हायची. गणिताचे सर यंत्रासमोर तोंडच उघडेनात. “माझं बोलणं कोण लिहून घेतंय, ते आधी कळू दे,” एवढंच त्यांनी एका कागदावर लिहून दाखवलं. आणि खेळाचे सर शेजाऱ्याच्या कानात जे कुजबुजले, ते मोठ्या बाईंच्या डोक्यामागे वीतभर अक्षरांत झळकलं — ‘काय पुराण लावलंय हिने.’ मोठ्या बाईंनी वळून ते शांतपणे वाचलं आणि पुराण आणखी वीस मिनिटं लांबवलं.

पण त्यानंतर जादू झाल्यासारखी माणसं एकेक करून बोलू लागली. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोण कशावर रुसलंय, कोण कोणाला टोमणा मारतंय हे तिला त्याच क्षणी कळायला लागलं. एकदा तर तिने कोटी केली आणि सगळी खोली हसली. टेबलाखालचा दर बैठकीला यायचा, स्क्रीनच्या बाजूला तारा सांभाळत उभा राहायचा. सगळे हसले तेव्हा तोही हसला… फक्त सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मोठ्या बाई परीक्षेचे कागद चाळत होत्या. कोणीच बोलत नव्हतं. ऐकणारी माणसं अशा वेळी खिडकीकडे बघतात, नखं बघतात. ती मात्र सवयीने स्क्रीनकडे बघत होती.

‘ऐकतेस ना?’

तिने झटकन सगळ्यांचे ओठ पाहिले. सगळे मिटलेले. आणि या खोलीत तिला ‘तू’ म्हणणारं होतंच कोण?

ओळ विरून गेली. मोठ्या बाईंनी मान वर केली आणि बैठक पुढे चालू झाली.

पुढच्या बैठकीत, तशाच एका शांततेत, पुन्हा — ‘तू बघतेस. ते बघत नाहीत.’

बैठक संपल्यावर सगळे गेले तरी ती खुर्चीवरून उठली नाही. टेबलाखालचा तारा गुंडाळत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि समोर येऊन बसला.

“काय झालं?”

तिने सांगितलं. सांगताना स्वतःलाच ते वेडगळ वाटत होतं.

“पंख्याचा आवाज असेल,” तो म्हणाला. “यंत्र कधीकधी खरखरीलाही शब्द समजतं.”

“पंखा मला ‘तू’ म्हणतो?”

“…तेही खरंच. पंखे तसे आदबीने वागतात.”

ती हसली नाही. “तुम्हाला वाटत असेल, बाईंना भास होतात.”

“भासच करून घ्यायचे असते ना,” तो ओठ सावकाश हलवत म्हणाला, “तर माणूस जरा बरं काहीतरी वाचतं. ‘आज साडी छान दिसतेय’ वगैरे. जे कोणी बघत असतं, पण म्हणत नसतं.”

तिने पदर उगाचच सारखा केला. मग म्हणाली, “यंत्रात नोंद असेल ना? कोण काय बोललं याची?”

“असते. पण ती उघडली की कंपनीला आपोआप कळतं. मग ते यंत्र परत नेतील, दुरुस्तीला. दोन-तीन महिने.”

यंत्र गेलं की मुदत संपली, आणि मुदत संपली की ग्रंथालय.

“नाही उघडत,” तो म्हणाला. “त्यापेक्षा आपणच पाळत ठेवू.”

मग रोज शाळा सुटल्यावर दोघं त्या खोलीत बसू लागली. न बोलता. बोललं तर स्क्रीनवर त्यांचीच अक्षरं आली असती. बाहेर पाऊस काचेवरून ओघळायचा, छतावरचा ओलीचा डाग हळूहळू पसरायचा, आणि दोन माणसं एका काळ्या स्क्रीनसमोर श्वास धरून बसायची. तो डबीतल्या खारट शेंगदाण्यांचा वाटा तिच्याकडे सरकवायचा. ती पाटी-खडूसारखं बोटाने टेबलावर लिहायची — ‘भीती वाटते?’ तो लिहायचा — ‘हो.’ आणि जरा वेळाने त्याखाली — ‘बरंही वाटतं.’

गंमत अशी, की तो बघत असला की स्क्रीन कोरी. तो पाणी प्यायला गेला, की उमटायचं.

‘वर.’

एवढंच. तिने वर पाहिलं. पंखा, डाग, कोपऱ्यात जाळं. तो परत आला तेव्हा ती पांढरीफटक पडली होती.

झाडलोट करणाऱ्या मावशींना तिने विचारलं, या खोलीत पूर्वी काही… कोणी…? मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “तीस वर्षं मी हीच खोली झाडतेय. इथे कोणी मेलं नाही की कोणी रडलं नाही. उगाच खोलीला नावं ठेवू नका.”

यामुळे तिला धीर यायला हवा होता. उलट भीती वाढली. मेलेलं माणूस निदान कोणीतरी असतं!

मुदतीची शेवटची बैठक आली. त्या दिवशी तिच्याबद्दलच निर्णय होता. सात माणसं टेबलाभोवती बसली. मधली एक तार सैल झाली होती म्हणून टेबलाखालचा स्क्रीनच्या मागे उभा राहून ती हाताने धरून होता. स्टँडच्या फटीतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

“यंत्राबद्दल कोणाची काही तक्रार?” मोठ्या बाईंनी विचारलं.

कोणीच काही बोललं नाही. गणिताच्या सरांनीसुद्धा नकारार्थी मान हलवली. तिच्या छातीतला दगड सैल व्हायला लागला. आणि त्या शांततेत —

‘ऊठ.’

तिने डोळे मिटले, उघडले.

‘ऊठ. सगळ्यांना उठव. ऊठ. ऊठ. ऊठ.’

ओळी एकीखाली एक भराभर पडत गेल्या, स्क्रीन भरून गेली. बाकीचे सगळे समोरच्या कागदांकडे बघत होते. तिच्या मनात काय काय येऊन गेलं! गप्प बसलं की वर्ग हातात होता. उठलं की यंत्र बिघडलेलं आणि बाई वेड्या… दोन महिने, दोन वर्षं, सगळ्यावर पाणी.

खुर्ची मागे पडली तेव्हा तिला कळलं, की आपण उठलो आहोत.

“उठा!” आपला आवाज किती मोठा आहे, हे तिला कळत नव्हतं. “सगळे बाहेर चला! आत्ता!”

खेळाच्या सरांनी भुवया उंचावल्या. मोठ्या बाईंच्या ओठांवर ‘बाई, बसा’ दिसलं. स्क्रीनवर आता फक्त तिचेच शब्द होते, दाखवायला काहीच नव्हतं.

स्क्रीनच्या मागून तो बाहेर आला. तिला काही विचारलं नाही. सरळ गणिताच्या सरांची खुर्ची मागे ओढली.

“उठा, सर.”

“अहो, पण झालंय काय?”

“आधी बाहेर. मग हवं तेवढं ओरडा माझ्यावर.” आणि मोठ्या बाईंकडे वळून, “तुम्हीही. चला.”

तारा सांभाळणाऱ्या माणसाला कधी कोणी असं बोलताना पाहिलं नव्हतं, म्हणून असेल, पण सगळे उठले. ओसरीत येऊन उभे राहिले. तो शेवटी आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

काहीच झालं नाही.

एक मिनिट गेलं. खेळाचे सर हसू दाबत होते. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट. “मला वाटतं, बाई…” त्यांनी सुरुवात केली.

तिला आवाज ऐकू आला नाही. तळपायांतून एक दणका वर आला, गुडघ्यांपर्यंत. मग तिने समोरचे चेहरे पाहिले — सातही चेहऱ्यांवरचं रक्त एकाच क्षणी उतरलं. दाराच्या फटीतून पांढरी धूळ धुरासारखी बाहेर येत होती.

छताचा अर्धा भाग टेबलावर बसला होता. खुर्च्या, स्क्रीन, माइक — सगळ्याचा चुरा. गणिताचे सर जिथे बसले होते तिथे लोखंडी सळ्या लोंबत होत्या. मग गणिताचे सर तिच्यासमोर आले, तिला नीट दिसेल असं उभे राहिले, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “माझी नात उद्या पाच वर्षांची होतेय.”

मोठ्या बाईंनी तिला एवढंच विचारलं, “भेग दिसली होती का तुम्हाला?”

“हो,” ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

यंत्र गेलं. पण ती ग्रंथालयात गेली नाही. आता बैठका प्रयोगशाळेत भरत, आणि यंत्र नसतानाही माणसं पाळीपाळीने, तिच्याकडे तोंड करून बोलत. गणिताचे सर शेजारी बसून मुद्दे वहीत उतरवून तिच्यापुढे सरकवत. वर्गात मुलांनी प्रश्न पाटीवर लिहायची पद्धत काढली, आणि प्रश्न इतके वाढले की धडा मागे पडू लागला.

टेबलाखालचा मात्र आला नाही. का येईल? तारा नव्हत्या, काम नव्हतं.

तो आला दहाव्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तिच्या वर्गात. शर्ट इस्त्रीचा. हातात एक कागद.

“कंपनीकडे राहिलेली नोंद उघडली,” तो म्हणाला. “यंत्रच राहिलं नाही, आता कोण नेणार परत? त्या दिवशी आधी मोठ्या बाईंचं वाक्य आहे. ‘कोणाची काही तक्रार?’ मग तुमचं ‘उठा.’ मधे काही नाही. आणि ते आधीचं… ‘वर’, ‘ऐकतेस ना’… कुठेच नाही. यंत्राने ते लिहिलेलंच नाही.”

खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने कागद दोनदा वाचला.

“मग मी वाचलं ते काय होतं?”

“माहीत नाही.”

“पण तुम्हीही उठलात. तुम्ही तर स्क्रीनच्या मागे होतात, तुम्हाला काही दिसत नव्हतं… मग कशाच्या भरवशावर?”

“तुम्ही दिसत होतात ना.” त्याने मान खाली घातली, मग आठवण झाल्यासारखी पुन्हा वर केली. “मी दोन महिने तेच करत होतो. तुम्ही स्क्रीनकडे बघायचात, आणि मी…”

तो अडखळला. एकदम खिडकीकडे वळला. त्याच्या मानेवरून आणि कानांच्या लाल पाळ्यांवरून तिला कळलं, की तो काहीतरी बोलतोय.

“हे चालणार नाही,” ती म्हणाली. “काय म्हणालात?”

त्याने पाठमोरंच डोकं हलवलं.

ती उठली. बाकांमधून वाट काढत गेली, आणि खिडकी व तो यांच्यामधे जाऊन उभी राहिली. इतकी जवळ, की त्याच्या श्वासाची ऊब तिच्या कपाळावर आली.

“आता म्हणा.”

त्याने म्हटलं.

तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी तिने भुवया गोळा केल्या, मान हलवली, आणि त्याला ते तीनदा म्हणायला लावलं.