धाकटा कोणता?

"माझं नाव पुसतायत हो!" लेखिका दारातूनच म्हणाली, आणि खुर्चीत टेकायच्या आत तिला रडू फुटलं.

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण मदतीला असलेला सख्खा दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागे फिरायचा. भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड जरा उशिरा पडायचा.

लेखिकेची मालिका घरोघरी गाजत होती. बायबलमधल्या दोन भावांवरून तिने ती रचली होती. थोरला केसाळ आणि भोळा, धाकटा गुळगुळीत आणि आतल्या गाठीचा. आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटणारा.

"शेवटाचा पहिला खर्डा मी तसाच लिहिला होता," ती म्हणाली. "बाप नुसत्या आवाजाला भुलतो आणि घराच्या किल्ल्या धाकट्याला देतो. तो फक्त निर्मात्याने वाचला. मग मी शेवट फिरवला. आता बाप थोरल्याचा हात चाचपतो, भाजल्याचा जुना डाग बोटांना लागतो आणि किल्ल्या थोरल्याला मिळतात. चित्रीकरण उद्या आहे. नटांनाही सांगितलेलं नाही. निर्माता, दिग्दर्शक आणि डाग बनवायचा म्हणून रंगभूषाकार, एवढ्यांनाच ठाऊक."

"मग बिघडलं कुठे?"

लेखिकेने फोनवरची बातमी दाखवली. 'बाप हातावरचा डाग चाचपतो आणि किल्ल्या धाकट्याला देतो!'

"निर्माता म्हणतो, धाकटा जिंकतो तो खर्डा तुझ्याजवळच होता, म्हणजे तूच फोडलास. शेवटच्या भागातून माझं नाव काढतोय. रक्त आटवलंय मी या मालिकेसाठी!"

"नाव कसं काढतो ते बघू," वहिनी उठल्या.

सेटवर दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून ओरडत होता. "थोरल्या, उजेडात ये!" एक आडदांड दाढीवाला नट पुढे सरकला.

"बातमी तुम्ही दिलीत?" वहिनींनी थेट विचारलं.

"मी? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ? शेवट कळला तर मालिका बघणार कोण?"

मधल्या सुट्टीत तोच दाढीवाला रंगभूषेच्या खोलीत आरशापुढे बसला. रंगभूषाकाराला सगळे मामा म्हणत.

"धाकट्या, मान वर कर रे," मामा दाढी विंचरत म्हणाले.

भाऊजी गोंधळले. "अहो, तिकडे थोरला, इकडे धाकटा? मला वेड लागायची पाळी आलीय!"

दाढीवाला खो खो हसला. "वयाने मी धाकटाच. पण घरात दाढी फक्त मला फुटली, म्हणून मालिकेत थोरला झालो. दादा गुळगुळीत, तो बिचारा धाकटा. आणि हे आमचे खरेखुरे मामा, आईचे भाऊ."

"बातमीचं काय, मामा?" वहिनींनी विचारलं.

"मला काय ठाऊक? आपण बरं नि आपलं काम बरं." मामांनी कंगवा आपटला. "एवढं मात्र खरं, राबतो आमचा धाकटा आणि बक्षिसं सगळी थोरल्याला."

संध्याकाळी निर्मात्याच्या खोलीत वहिनींनी सगळ्यांना जमवलं.

"जुन्या खर्ड्यात डाग होता?" त्यांनी निर्मात्याला विचारलं.

"नाही. तिथे बाप हातच धरत नाही."

"मग डागाची बातमी जुन्या खर्ड्याची कशी? फुटलाय तो नवाच शेवट."

"पण त्यात थोरला जिंकतो!"

"तुमचा थोरला कोण?"

"कोण म्हणजे? तो दाढीवाला!"

"दिग्दर्शकही त्यालाच थोरला म्हणतात, लेखिकाही. तुम्ही तिघं भूमिकेने ओळखता. शेवट ठाऊक असलेल्यांत दाढीवाल्याला धाकटा म्हणणारा एकच माणूस आहे. ज्याने त्याला मांडीवर खेळवलं, तो."

"अरेच्चा!" भाऊजी ओरडले. "मामा!"

मामांचा चेहरा पडला. "वार्ताहराने डिवचलं, शेवटीही तुमचा थोरलाच बाजी मारणार ना? माझा जीव तुटला. म्हटलं, बाप हातावरचा डाग चाचपतो आणि किल्ल्या आमच्या धाकट्यालाच देतो, बघाच!"

"आणि या पोरीच्या नावावर बोळा फिरत होता तेव्हा?"

"तोंड उघडायचा धीर झाला नाही." त्यांनी लेखिकेपुढे हात जोडले. "चुकलो, पोरी."

निर्मात्याने कपाळ धरलं. "पण शेवट तर फुटलाच!"

"कुठे फुटला?" वहिनी हसल्या. "वाचणाऱ्यांचा धाकटा वेगळा. सगळे तो गुळगुळीत जिंकणार म्हणून दातओठ खात बसलेत. किल्ल्या थोरल्याच्या हातात पडतील तेव्हा लोक घराघरांत टाळ्या वाजवतील!"

दिग्दर्शकाने तिथेच टाळी वाजवली. निर्माता ओशाळून लेखिकेकडे वळला. "माफ कर. तुझं नाव राहील."

लेखिकेने डोळे पुसले आणि ताठ उभी राहिली.

"नुसतं राहून भागणार नाही. सगळ्यांच्या आधी येईल. एकटं. आणि मोठ्या अक्षरांत!"