त्याची चाल, माझी पेन्सिल

तो पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी आरशासमोर म्हशीचं तोंड करत बसले होते.

हसू नका. हाताने चित्रं काढून सिनेमा करणाऱ्यांच्या टेबलावर आरसा असतोच. पात्राला रडवायचं तर आधी आपण आरशात रडायचं, चिडवायचं तर आपण भुवया चढवायच्या, आणि मग ते कागदावर उतरवायचं. त्या दिवशी माझ्या वाट्याला रुसलेली म्हैस आली होती. मी गाल फुगवले, नाकपुड्या फेंदारल्या, जबडा वाकडा केला… आणि आरशात माझ्या खांद्यामागे एक उंच, पावसात भिजलेला तरुण दिसला.

"पावणं, कोण पाहिजे?" मी तोंड सरळ करत गुरकावले.

"गणपतराव. पण तुमचं चालू दे की…" तो गालातल्या गालात हसत होता. "फक्त म्हस रुसली की कान मागं टाकती. आमच्या गोठ्यात रोज बघतोय."

"मला कान हलवता येत नाहीत!"

"मला येतात," तो म्हणाला, आणि मेल्यानं खरंच हलवून दाखवले!

हा ऋतुराज. नेसरी गावचा, दूधदुभत्याच्या घरातला, पुण्यात कॉम्प्युटरवर ॲनिमेशन शिकलेला. ज्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं तिनंच त्याला पाठवलं होतं. आमच्याकडे म्हणजे गणपतरावांकडे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शाहूपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर अण्णांनी उभी हयात आख्ख्या घरानं मिळून बघायचे सिनेमे हाताने काढण्यात घालवली. पूर्वी तिथे टेबलाला टेबल लागलेलं असायचं म्हणे. आता अण्णा, मी आणि रंगाचं बघणारे दोघं, एवढेच उरलो होतो. बाळू नावाचा दूधवाला आणि त्याची म्हैस यांचा हा सिनेमा शेवटचा. ऋतुराज आमचे कागद स्कॅनच्या मशीनवर घेणार, सिनेमा पुरा करणार, आणि त्यानंतर सगळं काम पुण्यातच, कॉम्प्युटरवर.

मी त्याच्याशी वैर धरायचं ठरवलं. ते दुपारच्या चहापर्यंत टिकलं.

कारण कागदाला शिवण्याआधी तो हात धुवायचा, नीट पुसायचा, आणि दोन्ही हातांनी कडेला धरून कागद उचलायचा. अशा माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा!

"एवढं जपताय," मी एकदा टोमणा मारलाच, "शेवटी मशीनमध्येच घालणार ना?"

"घालणार." त्यानं कागदाची कड सरळ केली. "पण मैथिली, मी ह्या धंद्यात आलो तेच असल्या चित्रांमुळं. लहानपणी सगळं घर गोठा आवरून टीव्हीसमोर बसायचं. आमचा बा पोट धरून हसलेला मी तेवढाच बघितलाय."

मी पुढचा टोमणा गिळला. आमच्या घरी विचारा, असं सहसा होत नाही.

पावसाळा सरत आला तशी अण्णांची नजर थकली. मग बाळूचं चालणं त्यांनी माझ्यावर सोपवलं. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा चित्रं! गल्लीतून जाणारा बाळू, चढावर दमणारा बाळू, म्हशीमागं धावणारा बाळू. मी काढत राहिले… मान वर करायची, समोर कागद नेणाऱ्या ऋतुराजकडे बघायचं, पुन्हा मान खाली. नजरानजर झाली की तो विचारायचा, "काय हो?" आणि मी म्हणायचे, "उजेड अडवताय."

उजेड त्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीतून यायचा.

सगळी चित्रं झाल्यावर ती जोडून पडद्यावर चालवून बघायची पद्धत असते. अण्णांनी बटण दाबलं. बाळू चालायला लागला… आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच. उजवा खांदा खाली, डावा हात अंगापासून लांब, चार पावलांवर एक हिसका! ही ऋतुराजची चाल होती. लहानपणापासून दुधाची जड किटली घेऊन डेअरीला जायचा, त्यामुळे हात मोकळा असला तरी तो तसाच चालायचा. सुट्या चित्रात काही कळत नव्हतं. चित्रं पळायला लागली तशी माझी सगळी चोरी उघडी पडली.

"झ्याक!" अण्णा एवढंच म्हणाले.

ऋतुराज उठला आणि बाहेर निघून गेला.

झालं! ओळखलं नसेल तर माझं मनातलं मनातच राहणार. आणि ओळखून गप्प बसला असेल, तर विषयच संपला. सिनेमा पुरा झाला की तो पुण्याला जाणार होता, आणि मला तो जायला नको होता. इतकी साधी गोष्ट होती, पण तोंडातून फुटेल तर शपथ!

निघायच्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी परतीच्या भुरभुर पावसात आम्ही उभे होतो.

"मग… जाताना काय सांगणार न्हाय?" त्यानं विचारलं.

"सांगायचंय ना. म्हणजे… नीट जा."

"एवढंच?"

"आणि… छत्री घेऊन जा."

त्यानं चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला. मग हसला, पण नेहमीसारखं नाही. "पहिल्या खेळाला येतो. आईला घेऊन."

पहिल्या खेळाला थिएटर निम्मंच भरलं होतं, पण आली होती ती आजीपासून तान्ह्यापर्यंत घरची घरं. माझ्या शेजारी ऋतुराजची आई, विठाबाई. पलीकडे तो. रांगेच्या टोकाला अण्णा.

पडद्यावर बाळू गल्लीत आला. विठाबाईंचा शेंगदाण्याचा हात तोंडाशीच थांबला.

"अगं बया! ह्यो तर माझा ऋतू चाललाय की!"

पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या.

"आई, हळू…"

"हळू कशाला? मीच पाठवायची न्हवं किटली घिऊन डेरीला! अस्साच चालायचा, वाकडा. कुणी काढलंय ह्ये?"

ऋतुराजनं गुपचूप माझ्याकडे बोट केलं. विठाबाईंनी मला त्या अंधारात खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढं बघत बसलीस व्हय गं त्याच्याकडं?"

आता काय लपवायचं राहिलं होतं?

"व्हय," मी म्हणाले. चांगलं खणखणीत.

ऋतुराज आईच्या मागून माझ्याकडे झुकला. "मी त्याच दिवशी वळखलं होतं. कंपनी म्हणत होती, चाल वाकडी दिसती, कॉम्प्युटरवर सरळ करून टाक. भांडलो मी. हात लावू दिला न्हाय कुणाला."

"का?"

"शाळेपासून सगळे म्हणत आले, सरळ चाल. तू एकटीनं… तशीच काढलीस." तो आणखी झुकला. "मला तू पाहिजेस, मैथिली. कवाचं सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"छत्री घेऊन जा म्हणालीस की!"

"पावणं," पुढच्या रांगेतून आवाज आला, "ठरलं असंल तर आमाला सिनेमा बघू द्या."

आख्खं थिएटर हसलं. अण्णासुद्धा. चष्मा काढून ते डोळे पुसत होते, हसून की कशानं, मी विचारलं नाही.

ती टेबलं आता उठली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? आता मीही कॉम्प्युटरच्या काचेच्या पाटीवर चित्रं काढते, आणि ती कला शिकवतो कोण, ते सांगायला नको. पण एक माणूस नीट काढायचा तर त्याच्याकडे किती वेळ आणि किती मायेनं बघावं लागतं, हे त्या टेबलानं मला शिकवलं. त्या शेवटच्या सिनेमाची मी जन्माची ऋणी आहे.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर ऋतुराज गाडी काढायला निघाला. उजवा खांदा खाली, चार पावलांवर हिसका. मी सवयीनं चटकन नजर वळवली, तर विठाबाईंनी कोपरानं ढोसलं.

"बघ की पोटभर. आता चोरून कशाला?"

आणि मी बघितलं. तो गाडीपर्यंत पोचेपर्यंत, अगदी पोटभर बघितलं.