चाळीस झाल्यावर

'मोजकी' या संगणकभाषेत एकोणीस शब्द होते आणि कावेरी ढमढेरेला हवा असलेला शब्द नेमका विसावा होता.

चंद्रावरच्या तळवट वसाहतीत, नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात ती सकाळपासून धुसफुसत बसली होती. काम तसं साधं होतं. वसाहत आणि शेतघर यांच्यामध्ये एक पोलादी दार होतं. शेतघरातून हवा गळू लागली की ते आपोआप लागायला हवं. पण चंद्रावर दोन आठवड्यांचा दिवस उजाडला की उन्हानं चौकट फुगायची आणि दार अडायचं. कधी तिसऱ्या धक्क्याला लागायचं, कधी तिसाव्या. पुढचा सूर्योदय तीस तासांवर आला होता आणि कावेरीचा धाकटा भाऊ सारंग त्याच शेतघरात पालक नि टोमॅटो पिकवत होता.

"'लागेपर्यंत ढकलत राहा', एवढंच सांगायचंय मला त्या दाराला," ती शेजारच्या आठल्यांना म्हणाली. "तीन वर्षांच्या पोराला कळेल. पण या दरिद्री भाषेत 'पर्यंत' नाही!"

"'इतक्या वेळा' आहे की," वसंत आठल्ये म्हणाले. ते वसाहतीतले सर्वांत जुने अभियंते होते आणि ही कुरकुर त्यांनी प्रत्येक नव्या माणसाच्या तोंडून ऐकली होती. "आकडा घाल आणि मोकळी हो."

"कुठला आकडा?"

"कुठलाही. आकडा असला की आज्ञावली कधी ना कधी संपते. न संपणाऱ्या आज्ञावलीनं इथं काय केलं ते तुला माहीत आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. एकवीस वर्षांपूर्वी एका दाराला, दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. दाबमापक बिघडला आणि दार इमानेइतबारे थांबून राहिलं. आत अकरा माणसं गुदमरली. तेव्हापासून नियम झाला की हवेशी संबंध येईल अशी प्रत्येक आज्ञावली मोजकीतच लिहायची आणि वरच्या मजल्यावरच्या तपासनिसानं मंजूर केल्यावरच चालवायची. तपासनीस म्हणजे कुठलं यंत्र आहे, याची चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती.

कावेरीनं चाळीस हा आकडा घातला, कारण चाळीस बरा वाटला. तासाभरात उत्तर आलं: 'नामंजूर. चाळीस झाल्यावर काय?'

"झाल्यावर काय म्हणजे? लागलं दार!" ती करवादली. मग तिनं तळवटावरच्या प्रत्येक अभियंत्यानं एकदा तरी केलेली चलाखी केली. हजार वेळा, त्याच्या आत हजार वेळा, त्याच्याही आत हजार वेळा. वेटोळ्यात वेटोळं घालायच्या या प्रकाराला ते चहाच्या टेबलावर 'चकली' म्हणत. नावाला आकडा आहे, पण माणसाच्या हिशेबानं अंत नाही.

दीड तासानं उत्तर आलं: 'चकली खुसखुशीत आहे. नामंजूर. शंभर कोटी धक्के, दहा सेकंदांना एक, म्हणजे तीनशे सतरा वर्षं. तोवर दाराशी कोण थांबणार?'

कावेरीनं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. "आठल्ये, 'चकली' हा शब्द यंत्राला कुणी सांगितला?"

आठल्यांनी चष्मा पुसायला घेतला. "जिना आहे. वर जाऊन बघ ना."

वर यंत्र नव्हतंच. खिडकीशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई भिंग घेऊन बसल्या होत्या. समोर कावेरीचीच आज्ञावली कागदावर उतरवलेली होती आणि शेजारी वालाच्या दाण्यांची रास होती. ओळीवर बोट ठेवून त्या एकेक दाणा पलीकडे सरकवत होत्या.

"तपासनीस कुठं आहे?" कावेरीनं विचारलं.

"तुझ्यासमोर. इंदुमती सोहोनी. बस."

"तुम्ही हातानं तपासता? एकवीस वर्षं? अहो, हे काम यंत्र चुटकीसरशी करेल!"

"कुठल्या भाषेतलं यंत्र? तपासनीस चुकला तर हवा जाते, म्हणजे नियमानं तोही मोजकीतच लिहायला हवा. समज, लिहिला. कुठलीही आज्ञावली दाखव, तिचं उत्तर तो आधीच सांगतो. आता मी एक खोडसाळ आज्ञावली लिहिते. तपासनीसही मोजकीतलाच, म्हणून ती त्यालाच पोटात घेऊन विचारते, 'मी काय उत्तर देणार, हो की नाही?' आणि तो म्हणेल त्याच्या उलट देते. तिच्याबद्दल तपासनीस काय सांगेल?"

कावेरीनं दोन्ही उत्तरं मनात ताडून पाहिली. "काहीही सांगितलं तरी खोटंच पडणार."

"आणि मोजकीत तर प्रत्येक आज्ञावली संपते, उत्तर देतेच. तेव्हा सुटकेला जागा नाही. असा तपासनीस या भाषेत लिहिताच येत नाही. तो भाषेबाहेरचा हवा. बाहेरच्या यंत्रांवर आमचा विश्वास उरला नव्हता, मग राहिलं माणूस. एका माणसाच्या डोळ्यांना पेलतील एवढेच शब्द मी ठेवले. एकोणीस."

"तुम्ही ठेवले?"

"दाब सारखा होईपर्यंत थांब, हे वाक्यही माझंच होतं." इंदुमतीबाईंच्या बोटाखालचा दाणा तिथंच थांबला. "फार आवडलं होतं मला ते. 'पर्यंत' म्हटलं की पुढचं काही लिहावंच लागत नाही गं. अकरा माणसं होती आत."

सकाळपासून या भाषेला दिलेल्या शिव्या आठवून कावेरीला शरम वाटली.

"आता सांग," बाई म्हणाल्या. "चाळीस झाल्यावर काय?"

"मग... माणसाला हाक. चाक फिरवून दार हातानं लावायचं."

"चाक कुठं आहे?"

"शेतघराच्या बाजूला. पूर्वी वस्ती तिकडं होती ना, तेव्हाचं आहे ते."

"आणि उद्या तिकडं पाळी कुणाची?"

कावेरीनं मनात पाळ्या मोजल्या. सारंगची. हाक आली असती तर त्यानं मुकाट्यानं चाक फिरवलं असतं, आणि गळक्या शेतघराच्या आत स्वतःला कोंडून घेतलं असतं. 'लागेपर्यंत' लिहायला मिळालं असतं, तर हे तिच्या ध्यानातही आलं नसतं.

ती जिना धावतच उतरली. "आठल्ये, भोकं पाडायचं यंत्र काढा! चाक इकडच्या बाजूला आणायचंय."

"आत्ता?"

"आत्ता!"

चाक इकडे यायला एकवीस तास लागले. सारंग मधूनमधून येऊन "ताई, दार कोसळवू नकोस म्हणजे झालं," असं चिडवत होता आणि ती हसत नव्हती. आज्ञावलीत तिनं शेवटची ओळ घातली: चाळीस झाल्यावर कावेरीला हाक. या वेळी उत्तर एका शब्दाचं होतं, 'मंजूर'.

सूर्य उगवला. चौकट फुगली आणि तिच्याबरोबर शेतघराची एक काचही तडकली. भोंगा वाजला. सारंग रोपांचा ट्रे छातीशी धरून धावत अलीकडे आला. दार धक्के देऊ लागलं. कावेरी चाकाशी उभी राहून मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मोटार थांबली आणि तिच्या मनगटावर हाक आली. दोघा भावंडांनी मिळून चाक फिरवलं. दार लागलं.

ती वर गेली. खुर्ची रिकामी होती, भिंग टेबलावर होतं. त्याखाली मोजकीतलीच एक छोटी आज्ञावली होती, इंदुमतीबाईंच्या अक्षरात.

'इंदुमती: वाच, ठरव. एकवीस वर्षं. झाल्यावर कावेरीला हाक.
कावेरी: वाच, ठरव. ____ वर्षं. झाल्यावर ____ला हाक.'

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'डोळे गेले गं. एवढ्या वर्षांत वर येऊन विचारणारी तू एकटीच.'

खालून तीन नव्या आज्ञावल्या तपासणीसाठी येऊन पडल्या होत्या. कावेरीनं पेन्सिल उचलली. 'जमेल तोपर्यंत' असं लिहायला तिचा हात शिवशिवत होता. तो शब्द या भाषेत नव्हता. तिनं पहिल्या रिकाम्या जागेत वीस लिहिलं, आणि दुसऱ्या जागेपाशी पेन्सिल टेकवून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.