बाळ रडलं की उठव

"दिवा लागलेलाच राहू दे," हाजी बासो म्हणाला. "उजेडात सांगितली म्हणून ही गोष्ट काही हलकी होत नाही."

समोर भूल द्यायला शिकणारी चार नवी मुलं बसली होती. उद्या त्यांना पहिल्यांदा सरावाच्या खोलीत, रबरी बाहुलीसमोर उभं राहायचं होतं. हाजीने डोंगरातल्या इस्पितळात एकतीस वर्षं भूल दिली होती. आता तो या मुलांच्या संस्थेच्या मागच्या गल्लीत राहायचा, आणि रमजानच्या रात्री त्याच्याकडचा पुदिन्याचा चहा प्यायला मुलं यायची.

"बाहुलीला काय घाबरायचं, हाजी? तिला तर बॅटरी लागते," सूफियान म्हणाला.

"पहाटे सहरीच्या जेवणाला तुला उठवायलाही बॅटरी लागते म्हणे. तुझी आई सांगत होती."

मुलं हसली. हाजीही हसला. मग त्याने पेला खाली ठेवला आणि इलियासची गोष्ट सांगितली.

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानची तेविसावी रात्र. रात्रीची तरावीहची नमाज आटोपल्यावर इलियास मास्तर एक कागद न्यायला हाजीकडे आला होता. इलियास राजधानीचा, राबातचा. बेल्जियममध्ये शिकला, तिथली चांगली नोकरी सोडून परत आला आणि हट्टाने या डोंगरपायथ्याच्या गावात राहिला. "आपल्याकडे मुलं जिवंत माणसावर शिकतात, हाजी," तो म्हणायचा. "एक चूक झाली की कुणाची तरी आई जाते. माझ्या सरावाच्या खोलीत हव्या तेवढ्या चुका करा. माझ्या खोलीत कोणी मरत नाही."

परीक्षेसाठी त्याला एक खरी घटना हवी होती. हाजीने इत्तो नावाच्या बाईचा कागद काढून दिला. एकोणीस वर्षांपूर्वी तिचं बाळंतपण अडलं होतं. भूल देऊन, पोट उघडून मूल काढलं. मूल वाचलं. बाई उठली नाही. भूल हाजीने दिली होती.

"माझं काय चुकलं ते सापडतं का बघ," हाजी म्हणाला. "मला अजून सापडलेलं नाही."

"मी शेवट बदलणार आहे, हाजी. आज ती वाचली पाहिजे. तूदासाठी."

तूदा त्याची विद्यार्थिनी, डोंगरातल्या धनगराची मुलगी. महिन्यापूर्वी खऱ्या रोग्यासमोर तिचे हात थिजले होते. गाठोडं बांधून ती घरी निघून गेली. इलियासने दोन घाट चढून जाऊन तिला परत आणलं. आज जमलं तर सोमवारपासून ती पलीकडच्या इस्पितळात एकटी भूल देणार होती. नाही जमलं तर मेंढरं होतीच.

साडेअकराला तूदा खोलीत गेली. इलियास काळ्या काचेमागे बसला. त्याला ती दिसत होती, तिला तो दिसत नव्हता. बाहुलीची नाडी, श्वास, पडद्यावरचे आकडे, सगळं त्याच्या बोटांखाली होतं. बाहुलीचा आवाजही त्याचाच. माइकचं बटण दाबून तो बाईसारखा बोलायचा, आणि मुलं म्हणायची, "मास्तर, या बाईला दाढी आलीय वाटतं."

त्याने बटणाकडे हात नेला.

त्याआधीच बाहुली बोलली.

दमलेला, बारीक आवाज. डोंगरातली बोली. इलियासला तिच्यातला एक शब्दही कळत नव्हता. तूदा वाकली, बाहुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच बोलीत तिने उत्तर दिलं.

इलियासने आपल्या बोटाकडे पाहिलं. बटणापासून वीतभर लांब होतं.

कुणी तरी चेष्टा केली असेल, आवाज भरून ठेवला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. आत तूदाने औषध दिलं, जबडा उचलला, नळी घातली. हात थिजला नाही. छाती दोन्हीकडून सारखी वर आली. रक्तातला प्राणवायू अठ्ठ्याण्णव. इलियासला भरून आलं. त्याने बाळाच्या रडण्याचं बटण दाबलं.

बाळ रडलं.

आकडा सत्त्याण्णव झाला. मग एक्क्याण्णव.

त्याने तो वर ढकलला. चौऱ्याऐंशी. पुन्हा ढकलला. बहात्तर. तूदाने नळी तपासली, फुगा दाबला, दुसरं औषध दिलं. सगळं बरोबर. एकेक गोष्ट बरोबर. साठ...

त्याने काचेवर मूठ मारली. तूदाने मान वळवली नाही. परीक्षाच चालू आहे, असं तिला वाटत होतं.

त्याने वायर उपटली. त्याच्यासमोरचा पडदा काळा झाला.

आतली नाडीची टिकटिक चालूच होती. हळूहळू लांबत जाणारी.

तो धावत आत गेला. "थांब तूदा. मशीन बिघडलंय."

"मशीन नाही, सर," ती छाती दाबता दाबता म्हणाली. "हिचे हात गार पडलेत."

त्याने हात लावला...

मग तोही दाबू लागला. रबराची छाती. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. ती थकली की तो. तो थकला की ती. 

बारा वाजून बत्तीस मिनिटांनी टिकटिक थांबली.

"माझं काय चुकलं?" तूदाने विचारलं.

"काहीच नाही."

"मग ती का गेली?"

इलियासने बाहुलीच्या छातीवरचे हात काढले.  त्याने विचारलं, "सुरुवातीला ती तुला काय म्हणाली?"

तूदाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हीच बोलत होतात ना, सर?"

"काय म्हणाली, सांग."

"बाळ रडलं की उठव, म्हणाली. मी हो म्हटलं."

हाजी थांबला. चहा गार झाला होता.

"आणि तूदा?" सूफियानने हळूच विचारलं.

"सोमवारी गेली. अजून तिथेच आहे. हात पक्का आहे तिचा. फक्त रोग्याला कसलाच शब्द देत नाही."

"आणि मास्तर?"

"त्या पहाटे माझ्याकडे आला. बाहुलीला घातलेला झगा हातात. पुढे छातीशी दोन ओले गोल... एवढे एवढे. ‘आतली पाण्याची नळी फुटली असेल, हाजी,’ म्हणाला. त्या बाहुलीत पाण्याची नळी नाही. त्यालाही माहीत होतं."

हाजीने गार चहा बाजूला सारला.

"पाच लेकरं वाढली माझ्या घरात. तो वास मला कळतो... दूध होतं."

हाजीने आपला तळहात उलटा करून पाहिला.

"कोमट होतं अजून."