ऋतुजा आजीची पांढरी जीभ

ताप उतरून दहा दिवस झाले होते. खोकला गेला, अंगदुखी गेली, भूकसुद्धा परत आली. आणि तरी ऋतुजा आजीच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके! आता याला काय म्हणावं?

"काही नाही गं, तोंड आलंय," आजी म्हणाली.

"तोंड आलं की लाल होतं, आजी. हे पांढरं आहे," तिची नात तारिणी म्हणाली. वय वर्षं अकरा, पण नजर अशी की हिच्यापासून काही लपवायची सोय नाही.

आता ही जीभ म्हणजे काही साधीसुधी जीभ नव्हे, बरं का. काटेवाडगावच्या महिला मंडळाचा काळा मसाला बावीस वर्षं या एकाच जिभेने पारखला होता. आजीने चमचाभर चाखून "हं" म्हटलं की पोती शिवायची, "अंहं" म्हटलं की पुन्हा भाजायला घ्यायचं. आणि यंदा तो मसाला चालला होता थेट चंद्रावर! तिथल्या सोमनगर वसाहतीत तीनशे माणसं बेचव जेवून कंटाळली होती. यान परवा सुटणार होतं. सगळा गाव छाती फुगवून फिरत होता.

पण चंद्रावरच्या बंदिस्त घरांत एक विषाणू शिरला तर घरोघरी पसरायचा. म्हणून नियम कडक. आजाराची शंका आली की मसाल्याच्या दालनात पाऊल टाकायचं नाही. आरोग्य केंद्रातल्या चौकस नावाच्या यंत्रमानवाने सकाळी आजीची जीभ पाहिली, ताप परत आलाय असं म्हणाला आणि दालनाचं दार तिच्यासाठी बंद केलं.

"मेल्या पत्र्याच्या डब्या! बावीस वर्षांत कुणी मला अडवलं नव्हतं," आजी कडाडली.

"मी पत्र्याचा नाही, आजीबाई. प्लॅस्टिकचा आहे," चौकस नम्रपणे म्हणाला.

तारिणी मध्ये पडली. "चौकस, ताप परत आलाय असं तू म्हणतोस. तपासून बघितलंस का?"

चौकसने कापसाच्या काडीने आजीच्या गळ्यातला आणि जिभेवरचा नमुना घेतला. विषाणूची तपासणी आधी झाली. विषाणू नव्हता! मग त्याने पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवला. पडद्यावर गोल गोल पेशी दिसल्या. काहींना बाजूला कोंब फुटले होते, तर काहींचे लांब धागे झाले होते. चौकसने ते चित्र तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं आणि त्यांचं उत्तर लगेच आलं.

"ही कॅन्डिडा," चौकस म्हणाला. "यीस्टच्या (पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या) जातकुळीतली."

"ती आजीच्या तोंडात आली कुठून?"

"आली नाही, होतीच. पुष्कळ माणसांच्या तोंडात ती थोडीशी असते. एरवी गुपचूप राहते. तिला आवरणारे दोन राखणदार असतात. एक, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. दोन, तोंडातले चांगले जिवाणू (एका पेशीचे सूक्ष्मजीव). ते जागा अडवून बसतात, म्हणून कॅन्डिडाला हातपाय पसरता येत नाहीत."

तारिणी विचारात पडली. गेल्या महिन्यात अख्खं घर तापाने आडवं झालं होतं, तेव्हा मिरचीच्या वावरात पंधरा दिवस कुणी खुरपलं नव्हतं. केवढं गवत माजलं होतं! बी बाहेरून आलं नव्हतं, ते मातीतच होतं.

"म्हणजे विषाणूशी लढण्यात पांढऱ्या पेशी गुंतल्या, आणि इकडे कॅन्डिडा माजली?"

"शाब्बास! तशी शक्यता आहे. विषाणूमुळे तोंडातलं नाजूक अस्तरही दुखावत असेल."

"पण थांब," तारिणीने कपाळाला आठ्या घातल्या. "तोच ताप मलाही आला होता. मग माझी जीभ का नाही पांढरी झाली?"

"माहीत नाही," चौकस म्हणाला. " मधुमेह, कवळी, दम्याचा फवारा, काही औषधं, अशी आणखीही कारणं असू शकतात. आजीबाई, यातलं काही?"

"छे! मला काय धाड भरलीय?" आजी घाईघाईने म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"ठीक. दालनाचं दार उघडतो. जिल्ह्याच्या नोंदवहीत लिहितो, कारण : विषाणू."

आजी ताठ मानेने निघाली. दालनाच्या दारात मंडळातली नफीसा मावशी चमचा घेऊन वाटच पाहत होती. तिच्यामागे चाळीस बायका उभ्या होत्या. आजीने चमचा हातात घेतला, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. मग झटकन माघारी वळली.

"चौकस, खोड ते!"

"काय खोडू?"

"कारण विषाणू, ते. खोटं आहे ते. म्हणजे अर्धं खोटं." आजीचा चेहरा लालबुंद झाला होता. "यांची दाढ काढली तेव्हाच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. महागाच्या. टाकवेनात! ताप आला तेव्हा मी त्या गिळल्या."

नफीसा मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, उरलेला भात आहे का तो?"

चौकसचे डोळे लुकलुकले; त्याने दाढेची जुनी नोंद काढली. "त्या अँटिबायोटिक (जिवाणू मारणारं औषध) होत्या. त्यांनी विषाणूचं काहीच बिघडत नाही. कॅन्डिडाचंही नाही."

"मेले ते तोंडातले चांगले जिवाणू!" तारिणी ओरडली. "एक राखणदार तापात गुंतला आणि दुसऱ्याला आजीनेच हाकललं!"

"बरोबर. आता कारण विषाणू, की गोळ्या, की दोन्ही, हे एकट्या आजीबाईंवरून सांगता येणार नाही."

"आणखी एक," आजी बायकांकडे वळली. तिची नजर खाली गेली नाही. "परवापासून मला मीठ कळत नाहीये. या जिभेवर आज भरवसा ठेवू नका. आज तुम्ही चाखा. एकजात सगळ्या. तुम्हाला शिकवलंय मी."

नफीसा मावशीने एकेक चमचा पुढे केला. एकेचाळीस जिभांनी मसाला चाखला आणि बहुतेकींनी एकच सांगितलं : मीठ कमी पडलंय. पोती शिवायचं थांबलं आणि मीठ मिसळायला घेतलं. तारिणीला वाटलं, हिने बावीस वर्षांत जे केलं नाही ते आज केलं. तिचा ऊर भरून आला. तिने सगळ्यांसमोर आजीच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "माझी आजी खूप शूर आहे!"

"शूर कसली! कंजूष आहे," आजी डोळे पुसत म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी या बुरशीवर थेंब लिहून दिलेत, ते मात्र शेवटपर्यंत घेणार. चौकस, तू लिही. माझं नाव घालून लिही."

चौकसने नोंदवहीत नवा रकाना उघडला, 'उरलेल्या गोळ्या घेतल्या का?' जिल्ह्यात तापानंतर जीभ पांढरी झालेले सव्वीस जण होते. आजीची नोंद, तिच्याच परवानगीने, त्या सगळ्यांना गेली. पुढच्या दोन तासांत पडद्यावरच्या रिकाम्या जागा एकामागून एक भरू लागल्या. हो. हो. माझ्या मुलाच्या होत्या. हो, शेजारणीने दिल्या.

"बघ, मी एकटीच नाही!" आजीला भलताच आनंद झाला.

तारिणी मात्र यादीच्या तळाशी थांबली होती. एकोणीस जणांकडे काही ना काही दुसरं कारण निघालं. सात जणांकडे काहीच नव्हतं. गोळ्या नाहीत, मधुमेह नाही, कवळी नाही. फक्त ताप आला होता, आणि जीभ पांढरी झाली होती.

"चौकस, विषाणूचा खरंच हात असेल तर तो या सात जणांत सापडेल ना?"

"कदाचित. सात जण थोडे आहेत. आणखी शोधावे लागतील, आणि तुझ्यासारखे ताप येऊनही ठणठणीत राहिलेलेही विचारात घ्यावे लागतील. हे अजून कुणी पुरतं सोडवलेलं नाही."

तारिणीने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या माणसाचा नंबर लावला. आजी तिच्या शेजारी येऊन बसली.

"नमस्कार," तारिणी म्हणाली. "मी काटेवाडगावहून बोलतेय. मला तुमच्या जिभेबद्दल विचारायचंय. आणि घाबरू नका हं, माझ्या आजीने सगळं खरं सांगितलंय."